राखणीचा मणी

मी आजवर एकशे बारा मानपत्रं लिहिली आणि त्यांतली निम्मी तरी खोटी आहेत. म्हणजे माणसं खोटी नव्हेत, विशेषणं खोटी. महापालिकेतून निवृत्त झाल्यावर नागरी सत्कार समितीने मला कार्यवाह केलं ते माझ्या भाषेसाठी, असं समितीच्या अध्यक्ष नीरजाताई चारचौघांत सांगतात. माझा अंदाज असा की फुकट राबणारा दुसरा कोणी सापडला नाही. तर असा हा माणूस आज एका बाईंबद्दल लिहायला बसला आहे, ज्यांना कोणी कधी मानपत्र दिलं नाही. हमीदा पटवेकर, वय अडुसष्ट, मुक्काम वारजे. यंदाच्या सत्कारापर्यंत मी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

सत्कार त्यांचा नव्हताच. तो होता यज्ञेश्वर पाळंदे यांचा. पन्नास वर्षांपूर्वी कर्वेनगरात सोसायट्या कमी आणि शेतं जास्त होती, तेव्हा तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पाळंदेसरांनी धरणाच्या पाण्याची पातळी लक्षात ठेवणारं यंत्र बनवलं. आपल्याच डोक्याने, आपल्याच मातीत. वीज गेली तरी ते यंत्र आकडा विसरत नसे. आज यात कोणाला काही वाटणार नाही. पण भर पावसात धरणावरची वीज गेलेली आणि नेमकी तेव्हाच पातळी हवी असलेली, हा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे ते या यंत्राला हात जोडत. त्याहून मोठी करामत दुसरीच होती. साठवलेल्या आकड्यात गफलत झाली, तर एक लाल दिवा लावून यंत्र स्वतःच कबूल करायचं की माझ्यावर विश्वास ठेवू नका. असं कबूल करणारी माणसं तरी पुण्यात किती निघतील?

सर आता सत्त्याऐंशी वर्षांचे. सत्काराला होकार द्यायला त्यांनी तीन आठवडे लावले आणि वर अट घातली. "माझं पहिलं यंत्र स्टेजवर चालू करून दाखवणार असाल तर येतो. नाहीतर शाल आणि नारळ पोस्टाने पाठवा, म्हणजे मला पोस्टानेच परत करता येईल."

यंत्र सापडलं खडकवासल्याकडच्या एका जुन्या चौकीत. पस्तीस वर्षं बंद होतं आणि त्याच्यावर कोणीतरी कुंडी ठेवली होती. ते आम्ही उचलून आणलं आणि तनया राजोपाध्ये या इलेक्ट्रॉनिक्सच्या तरुण प्राध्यापिकेच्या हवाली केलं. पोरगी झपाटल्यासारखी कामाला लागली. चार दिवसांत तिने वीजपुरवठा नीट केला, आकडे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या बदलल्या. मग बुधवारी दुपारी मला फोन केला आणि म्हणाली, "काका, मेमरीपाशी अडलंय."

जाऊन पाहिलं. तळहाताएवढी एक चौकट. तिच्यात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारांची जाळी आणि प्रत्येक तारेत ओवलेले काळे मणी, मोहरीपेक्षा लहान. हे मणीच यंत्राची स्मरणशक्ती. उंदराने त्यातली एक तार कुरतडली होती. तनयाने दोन दिवस मायक्रोस्कोपखाली चिमट्याने नवी तार ओवायचा प्रयत्न केला आणि ती दोनदा तुटली. "हे काम मशीनचं नाही आणि माझंही नाही," ती म्हणाली. "ज्याने हे ओवलंय त्याची बोटं आणा."

मी सरांना फोन लावला. ओवणारा कोण ते विचारलं.

"पटवेकरांची हमीदा होती," ते म्हणाले. "सतरा वर्षांची. आता कुठे असते ठाऊक नाही." आणि फोन ठेवला. सर एरवी दुसऱ्याला फोन ठेवू देत नाहीत, इतकं बोलतात. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पटवेकर म्हणजे मोती, मंगळसूत्रं, गळ्यातल्या पोती रेशमात ओवून, गाठवून देणारे. रविवार पेठेत तीन दुकानांत विचारलं. तिसऱ्या दुकानातल्या मेहबूबने मान वर न करता सांगितलं, "अम्मी आहे ती माझी. वारज्याला असते. काय तक्रार आहे?" पुण्यात दुकानदार हा प्रश्न इतक्या लवकर विचारत नाही. तक्रार नाही म्हटल्यावर त्याने पत्ता दिला.

हमीदाबी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत जमिनीवर बसल्या होत्या. एक पाय लांब केलेला, पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवलेला, आणि तो ताणून धरून दोन्ही हातांनी मोत्यांची माळ गाठवणं चाललेलं. नाकावर जाड भिंगाचा चष्मा. मी कोण, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. पाळंदे हे नाव ऐकल्यावर अंगठ्याचा ताण सुटला आणि माळ मांडीवर पडली.

"बंद पडलं का ते?" त्यांनी विचारलं. "माझ्यामुळे?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. पाळंदेसर माणसं शोधत रविवार पेठेत आले होते. अब्बांनी, म्हणजे हमीदाबींच्या वडिलांनी, आपली मुलगी कामाला दिली. गल्लीतले सर्वांत जाणते कारागीर होते ते. आपल्या मुलीचा हात यंत्रासाठी मागतात, याचाच त्यांना अभिमान. हमीदा तीन महिने सायकलवर डबल सीट बसून भावाबरोबर कर्वेनगरला गेली. चौकट पुरी झाली त्या दिवशी सरांनी ती उजेडात धरली, मणी मोजले आणि म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. अब्बा विचारायला गेले तर शेडच्या दारातच सरांनी उत्तर दिलं, "तुमच्या मुलीने काम बिघडवलं."

"अब्बा मला एक शब्द बोलले नाहीत," हमीदाबी म्हणाल्या. "पण त्यानंतर माझी प्रत्येक माळ गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी स्वतः मोजायचे. लग्न झालं, मुलं झाली, तरी मोजायचे. बावीस वर्षं. जाईपर्यंत. आता लोक म्हणतात हमीदाबींचं काम चोख. मार खाल्लेल्या माणसाचं काम आहे, भाऊ, चोख असणारच."

मी मानपत्रं लिहिणारा माणूस. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. तार तुटली आहे, तुमच्याशिवाय होणार नाही, एवढंच कसंबसं म्हणालो. नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी मोती डबीत भरले, झाकण लावलं.

"येते. मी काय बिघडवलं होतं ते एकदा बघायचंय मला."

शनिवारी सकाळी तनयाच्या प्रयोगशाळेत हमीदाबी मेहबूबबरोबर आल्या. दारात चपला काढल्या. तनयाने फिरती खुर्ची पुढे केली, मायक्रोस्कोप दाखवला. हमीदाबींनी दोन्ही लांबूनच पाहिलं, खिडकीपाशी चटई मागितली आणि खाली बसल्या. पिशवीतून मेणाची वडी निघाली, भिंग निघालं. तांब्याच्या तारेचं एक टोक त्यांनी अंगठ्याला गुंडाळलं आणि तार मेणातून ओढली.

तनया पुढे वाकली. "काकू, जपून. तुटेल."

"तुटली तर परत घालू. तुम्ही चहा घ्या."

आम्ही चहा घेतला नाही. कोणाला सुचेल? तार ढिली पडली की अंगठा किंचित मागे जाई, ताणली की पुढे येई. हात मात्र जागचे हलत नव्हते. एक मणी झाला, दुसरा झाला. तनया दोन दिवसांत सहा मण्यांपर्यंत पोचली होती. हमीदाबी अर्ध्या तासात वीस मण्यांच्या पार गेल्या. मेहबूब आयुष्यभर आईचं हे काम बघत आला असेल, पण तोही घड्याळ विसरून उभा होता. करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. मग मी पिशवीतून मानपत्राची प्रत काढली. मजकूर मोठ्याने वाचल्याशिवाय मला त्याचा तोल कळत नाही, ही माझी जुनी खोड. फ्रेम तयार होती, अक्षरं छापून झाली होती, तरी वाचू लागलो.

"...आठ मण्यांच्या प्रत्येक ओळीवर पहारा ठेवणारा नववा मणी ही आपल्या प्रतिभेची अपूर्व देणगी असून..."

"परत वाचा," हमीदाबी म्हणाल्या.

मी वाचलं.

"नववा?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कागदात आठच होते, भाऊ. नववा मी ओवला. आमच्यात माळ ओवताना शेवटी एक मणी मापापेक्षा जास्तीचा घालतात. राखणीचा मणी म्हणतात त्याला. एखादा फुटला तर माळ अडून राहू नये म्हणून. अब्बांनी शिकवलेलं. हाताला सवयच ती, मी विचारलंसुद्धा नाही. प्रत्येक ओळीत घातला. त्याच्यासाठीच तर मला घरी पाठवलं."

तनयाने कपाटातून सरांचा मूळ आराखडा काढला. तारीख होती, सही होती, आणि एका ओळीत मणी होते आठ. तिने एकदा आराखड्याकडे पाहिलं, एकदा चौकटीकडे.

"दिवा जरा जवळ धरा," हमीदाबी म्हणाल्या आणि चौकटीवर वाकल्या. पन्नास वर्षांनी त्या आपलंच काम वाचत होत्या. ओळीमागून ओळ त्यांचं बोट सरकत गेलं आणि कडेला येऊन थांबलं. "माझ्या सगळ्या तारा तांबूस. ही हिरवी तार माझी नाही. माझ्या जास्तीच्या मण्यांतून, प्रत्येक ओळीतल्या, कोणीतरी मागाहून ही तार नेली आहे. मुद्दाम. काम कच्चं आहे, पण मुद्दाम केलंय."

"तीच, काकू," तनया म्हणाली. "यंत्राला आपली चूक कळते ती त्या तारेमुळे. बाकीचे आठ मणी बरोबर आहेत की नाहीत हे नववा सांगतो. सरांचं नाव झालं ते त्याच्यामुळेच. आम्ही मुलांना शिकवतो हे."

मेहबूबने आईच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी हळूच बाजूला केला, कारण तार अजून अंगठ्यावर होती.

"म्हणजे बिघडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि पुढचा मणी ओवला.

मी मात्र तापलो होतो. बाहेर येऊन नीरजाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मानपत्राची फ्रेम झाली आहे, कार्यक्रम उद्या आहे, आणि आता वाद नकोत. समितीत वाद नकोत याचा अर्थ खरं नको असा असतो, हे मी बारा वर्षांत शिकलो आहे. मग सरांना फोन केला.

"सर, नववा मणी कोणाचा?"

"तार जोडली का?" त्यांनी विचारलं.

"जोडतायत. हमीदाबीच जोडतायत."

"चालू करून बघू नका. आत शेवटचा आकडा असेल. काही चुकलं तर पुसला जाईल. जे काय व्हायचं ते एकदाच, उद्या." आणि पुन्हा त्यांनीच फोन ठेवला.

दुपारी दोनला शेवटचा मणी झाला. तनयाने मीटर लावून तार तपासली आणि चटईवर बसकण मारून हमीदाबींना मिठीच मारली. उद्या दहाला नक्की या, पुढची खुर्ची ठेवतो, असं मी तीनतीनदा सांगितलं. सर उद्या खरं बोलतील की नाही, हे मात्र मला सांगता येत नव्हतं, आणि हमीदाबींनीही विचारलं नाही.

रविवारी सभागृह पावणेदहालाच भरलं. पुणेकर वेळेआधी येतो तो चांगली जागा मिळावी म्हणून आणि कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही हे म्हणता यावं म्हणून. आम्ही ती संधी दिली नाही. दहाच्या ठोक्याला सनई लागली. सर काठी टेकत आले. पगडी चढवली, शाल पांघरली. स्टेजच्या मधोमध टेबलावर यंत्र, आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर हमीदाबी. मेहबूबला पार मागे जागा मिळाली. सरांनी एकदाच त्या बाजूला पाहिलं आणि नजर वळवली.

तनयाने बटण दाबलं. काही झालं नाही. सात-आठशे माणसं, पण एकही खोकला नाही. मी मनातल्या मनात शाल आणि नारळ पोस्टात टाकून मोकळा झालो. मग पहिली नळी किंचित तांबूस झाली, मग दुसरी, आणि हळूहळू चार आकडे उजळले. ३१०४. खाली हिरवा दिवा. लाल नाही, हिरवा.

"एकतीस फूट चार इंच," तनया माइकवर म्हणाली. "यंत्र बंद केलं त्या दिवशीची पातळी. जर बरोबर असेल तर."

चौकीवरचे जुने राखणदार दत्तोबा यांना तिनेच बोलावून घेतलं होतं. ते बगलेतली जुनी नोंदवही उघडून उभे राहिले. बोट पानावर ठेवून त्यांनी सावकाश वाचलं. "येकतीस फूट, चार इंच. त्येच हाय. माझ्याच हातानं लिवलंय."

त्यानंतर जे झालं त्याला मी टाळ्या म्हणणार नाही. सगळं सभागृह उभं राहिलं. माणसं खुर्च्यांवर चढून बघू लागली. पस्तीस वर्षं अंधारात पडलेल्या त्या डब्याने एक आकडा जपून ठेवला होता, उंदराला पुरून उरून. मी स्वतः माइक बगलेत धरून टाळ्या पिटत होतो आणि धडधड आवाज लाऊडस्पीकरवर जात होता. नीरजाताईंनी डोळे वटारल्यावर मी भानावर आलो. आता मानपत्र माझ्याच हातात होतं.

वाचायला सुरुवात केली. जन्म, शिक्षण, शेड, धरण. माझा आवाज चांगला लागला होता. मग ते वाक्य आलं. आठ मण्यांच्या प्रत्येक ओळीवर, इथपर्यंत गेलो आणि थांबलो.

"वाचा की," सर म्हणाले.

"सर, हे वाक्य माझ्याच्याने वाचवत नाही."

पहिल्या रांगेत कुजबुज उठली. नीरजाताई अर्ध्या उठल्या. सरांनी हात पुढे केला आणि माझ्याकडून माइक घेतला. बसूनच बोलू लागले.

"मानपत्र चुकीचं आहे. लिहिणाऱ्याचा दोष नाही, मी कधी कोणाला सांगितलंच नाही. नववा मणी माझा नाही. तो हमीदा पटवेकर हिने ओवला. मी ते काम बिघडलं म्हणालो आणि तिला घालवलं. मग ते मणी काढून टाकायला बसलो, तर काढता येईनात, इतके पक्के ओवलेले. चार दिवस त्यांच्याकडे बघत बसलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे काढायचे नाहीत, वापरायचे. पुढचं सगळं मी केलं. ते माझं आहे, ते मी सोडणार नाही. पण सुरुवात तिची होती. ती इथे बसली आहे. हमीदा, वर ये."

हमीदाबी उठल्या. पायरीपाशी सवयीने चपला काढल्या आणि वर गेल्या. नीरजाताईंनी शाल शोधायला माणूस पिटाळला, पण दुसरी शाल आणलेलीच नव्हती. मी माइक हमीदाबींच्या पुढे धरला. आभार मानतील, दोन शब्द बोलतील, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

"सर, चार दिवसांत कळलं होतं," त्या म्हणाल्या. "रविवार पेठ काय लांब होती?"

सभागृहात पार शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं.

"लांब नव्हती," सर म्हणाले. "दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तुझे वडील दुकानात बसलेले दिसले. आत यायचं धाडस झालं नाही. चुकलं माझं, हमीदा."

"अब्बा गेले, सर. माझं काम बिघडलं होतं असंच समजून गेले."

सरांनी मान खाली घातली. हमीदाबींनी माझ्या हातातला माइक घेतला आणि स्वतःच सरांच्या तोंडापाशी नेला.

"आता तरी सांगा," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्याने. मागे माझा मुलगा बसलाय."

पाळंदेसर काठीवर भार देऊन उभे राहिले. तनया हात द्यायला पुढे झाली, त्यांनी तिला थांबवलं. मग त्या सात-आठशे माणसांच्या डोक्यांवरून अगदी शेवटच्या रांगेकडे पाहत त्यांनी जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात सांगितलं, "हमीदाचं काम बरोबर होतं."